डॉक्टरांचे सात शर्ट

१

दुकान उघडलं की वासूताई आधी मशिनच्या तोंडात डोकं घालायची. दाराच्या रबराच्या घडीतून बोट फिरवायचं, ते नाकाशी न्यायचं, मग पाणी जायची नळी, मग भिजवायचे चारही टब. सगळं ठीक वाटलं की मगच पहिले कपडे आत टाकायचे. तेवीस वर्षं हा नेम होता. कपडे धुणारं मशिनच आतून कुबट असेल तर साबणाला कशाला बोल लावायचा, असं ती म्हणायची.

वासूताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते पोस्टमननं ठेवलं. त्याच्या पावसात भिजलेल्या कोटाचा आठ दिवस न जाणारा वास तिनं एका दिवसात घालवला, तेव्हापासून तो तिला वासूताई म्हणायला लागला, आणि गल्लीनं ते उचललं. नाक होतंच तसं. गाठोडं सोडायच्या आधीच तिला कळायचं, कुणाच्या भिंतीला ओल आलीय, कुणी कुत्रं पाळलंय, कुणी बायकोच्या चोरून पुन्हा सिगारेट धरलीय. कळायचं, पण तोंडाला कुलूप. त्यामुळेच दुकान चालत होतं.

पुढच्या खोलीत तिचा नवरा इस्त्री करायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला मोठा ताप आला, तो गेला तो वास घेऊन गेला. कापड करपलं तरी धूर दिसल्याशिवाय त्याला पत्ता लागत नसे. "आमच्या घरात नाक एकच," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आणि ते बायकोच्या तोंडावर आहे." पण त्याच्या बोटांत जादू होती. कपडा टेबलावर पसरला की त्यावरून हात फिरवून तो सांगायचा, हा माणूस डाव्या कुशीवर झोपतो, ह्याचं काम उभ्यानं आहे, ही बाई पर्स उजव्या खांद्याला लावते.

एका मंगळवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते. सगळी गल्ली त्यांना पोचवायला गेली होती, वासूताईसुद्धा. बाई अंगानं चिमणीएवढ्या, बोलणं हळू. त्यांनी टेबलावर गाठोडं ठेवलं. सात पांढरे शर्ट, तीन पँटी.

"कुबट वास येतोय हो," त्या म्हणाल्या. "ह्यांना अजिबात सहन होत नाही."

नवऱ्यानं मान वर केली. वासूताईनं त्याला डोळ्यानंच गप्प केलं. वडील गेल्यावर तिची स्वतःची आईसुद्धा किती तरी वर्षं तसंच बोलायची. हे आले, ह्यांना चहा लागतो. जिभेला सवय असते, ती लगेच कुठे जाते?

"ठेवा बाई," ती म्हणाली. "परवा न्यायला या."

२

वास अगदी साधा होता, निदान पहिल्यांदा तसं वाटलं. बंद कपाटात कपडे पडून राहिले की येतो तोच. वासूताईनं कपडे कोमट पाण्यात सोडा घालून भिजवले, मशिन अर्धंच भरलं, दोनदा पाणी काढलं, आणि धुऊन होताच एक मिनिटही आत पडू न देता बाहेर काढले. वाळल्यावर प्रत्येक शर्टाच्या काखेत नाक घालून बघितलं. स्वच्छ.

पुढच्या मंगळवारी बाई तेच गाठोडं घेऊन हजर.

"दोन दिवस छान होते," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, उलट थोडी उमेदच होती. "मग परत."

"कपाटात ओल असणार," वासूताई म्हणाली. "कपाट रिकामं करा, दारं उघडी टाका दोन दिवस. आत कोळसा ठेवा फडक्यात बांधून."

"दारं उघडी नाही टाकता येत."

"का बरं?"

बाईंनी पदर सारखा केला आणि रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "ह्यांना आवडत नाही."

 बाई गेल्यावर तिनं गाठोडं सोडलं, पहिला शर्ट उचलला आणि नाकाशी नेला. आणि तिथेच थांबली.

वापरलेल्या कपड्याला वासाचे थर असतात. वर साबणाचा, अत्तराचा, स्वयंपाकघराचा. त्याच्या खाली घामाचा. आणि सगळ्यात खाली माणसाचा, जो प्रत्येकाचा वेगळा आणि कितीही धुतला तरी थोडा उरतो. डॉक्टरांचा तिला ठाऊक होता. लवंगेच्या तेलाचा आणि हात धुवायच्या साबणाचा. वीस वर्षं तिनं त्यांचे शर्ट धुतले होते.

या शर्टाला वरपासून खालपर्यंत एकच वास होता. कुबट. त्याच्या खाली काही नव्हतं. विहिरीत खडा टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं तिला वाटलं.

कॉलरच्या आतल्या बाजूला मात्र एक बारीक राखाडी रेघ होती. आठवड्यापूर्वी तिनं स्वतःच्या हातानं घासून पांढरी केलेल्या कॉलरला. न घातलेल्या शर्टाला.

३

"बाई स्वतःच घालत असतील," ती नवऱ्याला म्हणाली. "दुःखात माणूस काय काय करतो. माझी मावशी काकांची टोपी घालून झोपायची."

नवरा खिसे तपासत होता. ते काम त्याचं. खिसे तपासता तपासता तो थांबला आणि त्यानं एक पँट टेबलावर पसरली.

"बाईंसारख्या दोघी ह्या पँटीच्या एका पायात मावतील," तो म्हणाला. पण हसला नाही. "इकडे ये जरा. कपाटात टांगलेल्या पँटीला घडी कुठे पडते?"

"हँगरच्या दांडीवर. आडवी, एकच."

"मग ही बघ."

गुडघ्यांच्या मागे बारीक सुरकुत्यांचं जाळं होतं. जांघेत तसंच, आणखी खोल. बसायच्या जागी कापड दाबलं जाऊन चकचकीत झालं होतं.

"खुर्चीवर बसलं तर ह्या इतक्या खोल जात नाहीत," तो बोटानं दाखवत म्हणाला. "मांडी घातली तर तिरक्या पडतात. हा गुडघे छातीशी घेऊन बसलेला माणूस आहे. असा. आणि तासभर नव्हे. दिवसचे दिवस."

"कोण हा?"

"मला काय विचारतेस? मी घड्या वाचतो, माणसं नाही."

 बाहेर भाजीवाली कुणाशी तरी भाव करत होती. मग नवऱ्यानं पँट उचलून टबात टाकली आणि म्हणाला, "गाठोडं दाबून बांधलं असेल बाईंनी. त्याच्या सुरकुत्या असतील."

"त्याच्याच असतील," वासूताई म्हणाली. मग तिनं ते कपडे सोडा घालून नेहमीपेक्षा जास्त वेळ भिजवले, पाणी तीनदा काढलं आणि गुरुवारी दिले.

कपडे देऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिनं हात कोपरापर्यंत दोनदा धुतले होते.

४

या खेपेला वास चार दिवस लांब राहिला. मंगळवारी बाई नुसते शर्ट घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या गालांवर किंचित रंग होता.

आता वासूताईचा हट्ट पेटला. भीती वाटत नव्हती असं नाही, पण तेवीस वर्षांत एकही वास तिला हरवून गेला नव्हता. तिनं त्या सात शर्टांसाठी एक टब वेगळा काढला. व्हिनेगरच्या पाण्यात ते रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी मशिनमध्ये दुसरं काही न घालता, कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात फिरवले. मग गच्चीवर दोन दोऱ्या बांधल्या आणि प्रत्येक शर्ट उलटा करून, शेजारच्याला शिवणार नाही एवढं अंतर ठेवून वाळत घातला. दुपारी जाऊन बाजू बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं शेवटच्या शर्टात तोंड खुपसलं. काहीच नव्हतं. कुबटपणा नाही, साबण नाही, पाणीसुद्धा नाही. नुसतं ऊन. तिला इतकं बरं वाटलं की ती गच्चीवर एकटीच हसली.

बाईंनी दुकानात उभ्या उभ्या एकेक शर्ट नाकाशी नेला. सातवा झाला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"आता ह्यांना काही निमित्त उरणार नाही," त्या म्हणाल्या.

मंगळवार आला. बाई आल्या नाहीत. "गेला एकदाचा," नवरा म्हणाला, आणि वासूताईनं त्या दिवशी दुकान अर्धा तास आधी बंद केलं.

बुधवारी सकाळी त्या आल्या.

"सहा दिवस टिकलं!" त्या दारातूनच म्हणाल्या. लग्नघरातल्या माणसासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. "आणखी थोडंच राहिलंय."

नवऱ्यानं गाठोडं सोडून कपडे मोजले. "सहाच शर्ट आहेत, बाई. एक राहिला घरी."

"राहू दे तो," बाई म्हणाल्या. "तो आत्ता नाही देता येणार."

वासूताईनं पदराला हात पुसले. "बाई, मी कपाट बघते. भिंतीत कुठे तरी पाणी मुरतंय. ते सापडल्याशिवाय काही खरं नाही."

बाईंनी तिच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दुपारी या. तुम्ही आलेलं चालेल ह्यांना. तुमच्या हाताला ओळखतात ते."

५

खाली डॉक्टरांचा दवाखाना होता, त्याला कुलूप. वर घर. वासूताई जिना चढली तेव्हा तिनं मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. गळकी नळी असेल. नाही तर मागच्या भिंतीला न्हाणीघर असेल. ओल असली की बुरशी, बुरशी असली की वास. बाकीचं सगळं एका एकट्या बाईचं मन.

घर लखलखीत होतं. खिडक्या सताड उघड्या, पडदे वाऱ्यानं फुगलेले, फरशीवर उन्हाचे चौकोन. एवढं कोरडं घर तिनं पाहिलं नव्हतं. बोळाच्या टोकाची खोली डॉक्टरांची. पलंगावर गादी नव्हती, नुसत्या फळ्या. भिंतीतच बसवलेलं कपाट, दोन दारांचं, सायीच्या रंगाचं. त्याच्यासमोर एक लाकडी खुर्ची, कपाटाकडे तोंड करून. खुर्चीच्या पायांनी फरशीवर चार फिके डाग पाडले होते.

वासूताईनं कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना तळहात लावला. उबदार, कोरड्या. "पलीकडे काय आहे?"

"काही नाही. रस्ता."

ती कपाटाजवळ गेली. हातभर अंतरावर वास सुरू झाला. हळूहळू वाढत गेला नाही, उंबरा ओलांडावा तसा एकदम आला. एक पाऊल मागे घेतलं की नाही, पुढे टाकलं की आहे.

"शेवटी तोंडाचं दुखणं झालं होतं ह्यांना, ठाऊक आहे ना?" बाई मागे खुर्चीत बसल्या होत्या. "जखमेला फार वास यायचा. कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत, मलासुद्धा. भिंतीकडे तोंड करून पडायचे. म्हणायचे, जन्मभर मी लोकांच्या तोंडाचे वास घेतले, माझा कुणी घेऊ नये. आता ते दुखणं नाही राहिलं. फक्त हा कुबटपणा राहिलाय. त्याची लाज वाटते त्यांना. तो गेला की येतील बाहेर."

"बाई..."

"तुमच्या पहिल्या धुण्यानं आतून कडी वाजली. दुसऱ्यानं दार बोटभर उघडलं. आणि या वेळी," त्या वाकल्या आणि वासूताईच्या पायांच्या जवळच फरशीवर बोट ठेवलं, "इथवर पाऊल आलं होतं. मग वास आला, तसे लाजून परत गेले."

वासूताईला वाटलं, आपण आता निघावं. पण तिच्यातली धुणारी बाई हट्टी होती. वास कुठून येतो ते तिनं अजून पाहिलं नव्हतं. आणि आत काही नाही हे एकदा डोळ्यांनी दिसलं, तर ते या बाईंनाही समजावता येईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिनं डाव्या दाराची मूठ धरली आणि ते ओढलं.

दांडीवर सात रिकामे हँगर होते. ते किंचित हलत होते. खाली खण नव्हते, नुसती अंधारी पोकळी, आणि उजव्या कोपऱ्यात, दार न उघडलेल्या बाजूला, पांढरं काही तरी. सातवा शर्ट. तो खाली पडलेला नव्हता. पडलेलं कापड सपाट असतं. याला पाठ होती. पाठीचा कणा कापडाखालून दिसत होता, बटाट्याच्या पोत्यातून बटाटे दिसावेत तसा एकेक मणका. दोन्ही बाह्या पुढे, गुडघ्यांभोवती. कॉलर तिनं पाहिली, तिची ती राखाडी रेघही पाहिली. कॉलरच्या वर तिनं पाहिलं नाही.

ऊन तिच्या खांद्यावरून आत गेलं, त्या पाठीवर पडलं. आणि ती पाठ, अंघोळ करताना कुणी चुकून दार उघडावं आणि माणसानं अंग चोरून घ्यावं तशी, भिंतीकडे आणखी आत सरकली.

"लावा हो," बाई मागून अगदी मायेनं म्हणाल्या. "उजेडात त्यांना फार संकोच होतो."

वासूताईनं दार ढकललं. दार हळूहळूच जात होतं. शेवटचं चार बोटं अंतर तिला ढकलावं लागलं नाही. ते आतून ओढून घेतलं गेलं.

६

दुकानात येऊन ती ओट्यावर बसली. नवऱ्यानं इस्त्री बंद केली, पाणी दिलं. तिनं पाहिलेलं थोडक्यात सांगितलं. त्यानं शेवटी एवढंच विचारलं, "गुडघे छातीशी?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग संपलं," तो म्हणाला. "ते गाठोडं मी परत नेऊन देतो. सांगतो, आमच्यानं नाही होत."

"मग त्या चौकातल्या लाँड्रीत जातील."

"जाऊ देत."

"आणि तिथे जमलं तर?"

 वासूताई टेबलावरच्या त्या सहा शर्टांकडे बघत होती. "सहा दिवसांपर्यंत मी आणलंय," ती म्हणाली. "कसं करायचं ते मला कळलंय आता. एक दिवस जास्त भिजवायचं, एक ऊन जास्त द्यायचं. दुसऱ्या कुणालाही कळेल. बाई सांगतील ना त्यांना, काय काय केलं ते."

"बाईंना हवंच आहे की ते," नवरा हळूच म्हणाला. "चौदा महिने खुर्ची टाकून बसल्यात."

"बाईंनी पाठ पाहिलीय का, ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "कॉलरच्या वर काय आहे ते पाहिलंय का, तेही ठाऊक नाही. बाहेर आल्यावर पाहतील."

 तिनं शर्ट भिजवले. धुतले. सगळं पहिल्यासारखंच केलं, कारण दुसऱ्या तऱ्हेनं काम करणं तिच्या हातांना येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गच्चीवर गेली, दोऱ्या बांधल्या, शर्ट उलटे करून अंतर ठेवून वाळत घातले.

मग ती तिथेच पायरीवर बसून राहिली. एरवी ती अशी कधी बसत नसे, खाली शंभर कामं असत. आभाळ निरभ्र होतं आणि वारा चांगला सुटला होता. अकरा वाजता तिनं पहिल्या शर्टाची शिवण दोन बोटांत धरून पाहिली. काख ओली होती. कॉलर ओली होती. कापड मात्र वरवर सुकलं होतं. वरून हात लावून ओल कळली नसती, बाईंना तर नाहीच.

तिला बाईंचा फुललेला चेहरा आठवला. पुढच्या मंगळवारी त्या येतील, म्हणतील, या वेळी एकच दिवस हो, कडीसुद्धा वाजली नाही. आणि आपण म्हणू, काही काही कपड्यांचा नाही जात, बाई, पण करून बघू परत. त्या आठवड्याला तसं म्हणायचं, त्याच्या पुढच्याही. जोवर त्या येतील तोवर. आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाशी ती खोटं बोलली नव्हती.

अजून चार तासांचं कडक ऊन होतं. वासूताई उठली. तिनं चिमटे काढले, सहाही दमट शर्ट दोरीवरून उतरवले, नीट घड्या घातल्या, एकावर एक दाबून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले, आणि वारा जाणार नाही अशी पिशवीच्या तोंडाला गाठ मारली.